तेहतीस वर्षं न धुतलेला रोल

प्रश्न : एका जुन्या मासिकात एक फोटो पाहिला. बर्फावर आडवा पडलेला प्रचंड फुगा आणि त्याच्यासमोर उभी दोन माणसं. खाली लिहिलं होतं, ‘छायाचित्र १८९७, प्रत १९३०’. माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. ते म्हणायचे, काढलेला रोल दोन पावसाळे तसाच राहिला की धुण्यात अर्थ नाही. मग बर्फात तेहतीस वर्षं पडलेल्या रोलमधून फोटो कसा निघाला? की ही नंतर कुणी केलेली बनवाबनवी आहे? आणि जाता जाता : वडिलांच्या ट्रंकेत ‘इंदू’चा एक न धुतलेला रोल सापडला आहे. त्याचं काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी वडिलांची बाजू घेतो. कोकणातल्या हवेत दोन पावसाळे काढलेला रोल घेऊन कुणी काउंटरवर आलं आणि त्यांनी हात जोडले असतील, तर ते धंद्यातलं शहाणपण होतं. पैसे घ्यायचे, रोल धुवायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात राखाडी पट्टी ठेवायची, यात दोघांचंही नुकसान. पण तुम्ही पाहिलेला फोटोही खरा आहे. बनवाबनवी नाही.

फोटोतली माणसं स्वीडिश आहेत : सालोमोन आउगुस्ट आंद्रे आणि क्नूत फ्रेंकेल. तिसरा, नील्स स्ट्रिंडबर्ग, फोटोत दिसत नाही, कारण फोटो तोच काढतोय. जुलै १८९७ मधली ही गोष्ट. आपला फुगा कायमचा खाली आला त्या दिवसांत, आता पायी चालत परत जायचं आहे हे कळून चुकलेलं असताना, चोवीस वर्षांच्या त्या पोराने फुग्यापासून बरंच मागे जाऊन कॅमेरा लावला, फुगा पूर्ण चौकटीत बसवला, त्याचा आकार कळावा म्हणून दोन माणसं समोर राहतील असं पाहिलं आणि मग फोटो घेतला. घाईत काढलेला हा फोटो नाही. मला तर तो पाहताना दर वेळी प्रश्न पडतो, की त्या क्षणी एवढं शांत राहायला माणूस कुठे शिकतो?

आता हे तिघं तिथे कसे पोचले ते सांगितल्याशिवाय रोलची गोष्ट पुढे सरकणार नाही. आंद्रे स्वीडनच्या पेटंट कचेरीतला इंजिनिअर. उत्तर ध्रुवाला जायला लोक जहाजं बर्फात अडकवून घेत, कुत्र्यांच्या स्लेज ओढत आणि मरत. आंद्रेचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला? हायड्रोजनच्या फुग्यात बसून वरून जाऊ. १८९५ साली त्याने ही योजना स्वीडनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. आल्फ्रेड नोबेलने पैसे दिले, राजा दुसरा ऑस्कर याने दिले. (तोच नोबेल, ज्याच्या नावाची पारितोषिकं मिळतात.) पॅरिसमध्ये आँरी लाशांब्र याच्या कारखान्यात सुमारे साडेवीस मीटर व्यासाचा रेशमी फुगा तयार झाला. नाव ठेवलं ‘एर्नेन’, म्हणजे गरुड.

फुग्याला सुकाणू नसतं, वारा नेईल तिकडे तो जातो. यावर आंद्रेने एक युक्ती काढली होती. पाळण्यातून जाड, लांबच लांब दोर खाली सोडायचे, ते बर्फावरून घासत जातील, त्यामुळे फुगा वाऱ्यापेक्षा हळू चालेल आणि मग त्याला शीड बांधून थोडंफार वळवता येईल. कागदावर युक्ती बरी दिसते. अडचण दुसरीच होती. एवढं रेशीम शिवायचं म्हणजे सुईची असंख्य भोकं पडणार आणि हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू, त्याला एवढी फट पुरते. १८९६ साली पहिल्या प्रयत्नात योग्य वारा मिळालाच नाही. पण त्या मुक्कामात त्यांच्यातला हवामानतज्ज्ञ नील्स एकहोल्म याने गळती मोजली आणि हा फुगा ध्रुवापर्यंत टिकणार नाही असं सांगितलं. पुढे त्याला असंही कळलं, की आंद्रे गुपचूप फुग्यात वरचेवर वायू भरून घेत होता. एकहोल्म मोहिमेतून बाहेर पडला. त्याच्या जागी आला फ्रेंकेल.

इथे माझं मत लपवत नाही. आंद्रेला गळती ठाऊक होती. पण राजाचे पैसे, नोबेलचे पैसे, वर्तमानपत्रांतले मथळे, वर्षापूर्वी एकदा हात हलवत परत येण्याची नामुष्की, एवढं सगळं मानेवर बसलेलं असताना ‘थांबूया’ म्हणणं त्याला जमलं नाही. भरल्या मांडवातून उठून जायला जे धाडस लागतं ते एकहोल्मकडे होतं, आणि त्याचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे.

११ जुलै १८९७ रोजी स्वालबारच्या वायव्य टोकाच्या डान्सकोया बेटावरून गरुड उडाला. (स्वालबार म्हणजे नॉर्वेचा तोच द्वीपसमूह, जिथे न्यू-ओलेसुंड गावात २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार आपल्या गोव्यात, वास्कोच्या संस्थेतून चालतो.) किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांनी काढलेले या उड्डाणाचे फोटो तेव्हाच जगभर गेले. त्यात फुगा समुद्रावर जातोय आणि दोर पाण्यात लोळताहेत. फोटोत न कळणारी गोष्ट अशी, की पहिल्या काही मिनिटांतच मोहीम निम्मी हरली होती. अडीअडचणीला दोर सोडता यावेत म्हणून ते तुकड्यांत करून स्क्रूच्या जोडांनी जोडले होते. ओढताना दोरांना पीळ पडला, जोड उलटे फिरले आणि पाचशे किलोंहून जास्त वजनाचा दोर मागेच राहिला. फुगा पाण्याला टेकतोय हे पाहून त्यांनी दोनशे किलो वाळूही टाकून दिली होती. वजन हलकं झालं तसा फुगा सातशे मीटरवर गेला. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून गळती आणखी वाढली. आणि वळवायची जी एकुलती एक युक्ती होती, ती दोरांबरोबर समुद्रात.

दहा-साडेदहा तास बरं चाललं. पुढे धुक्यात आले, कापडावर ओल गोठत गेली, फुगा जड झाला. मग एकेचाळीस तास तो बर्फावर आपटत, उसळत, पुन्हा आपटत राहिला. १४ जुलैच्या सकाळी तिघांनी तो उतरवला. ध्रुव अजून जवळजवळ आठशे किलोमीटर लांब होता.

किनाऱ्यावरून टिपलेलं उड्डाण १८९७ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. फुगा उतरल्यानंतरचा फोटो जगाने पाहिला १९३० मध्ये. मधल्या काळात फार थोड्या खबरी पोचल्या, त्यांतली एक : निरोप्या कबुतरांपैकी एक कबुतर एका नॉर्वेजियन जहाजावर येऊन बसलं आणि मारलं गेलं. त्याच्याजवळ १३ जुलैची चिठ्ठी होती, सगळं ठीक आहे अशी. आणखी चोवीस तासांत फुगा खाली येणार होता.

आता कॅमेऱ्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. स्ट्रिंडबर्ग भौतिकशास्त्र शिकलेला. (नाटककार आउगुस्ट स्ट्रिंडबर्ग हा त्याच्या वडिलांचा चुलतभाऊ.) त्याला मोहिमेत घेतलं ते फुग्यातून खालच्या अज्ञात प्रदेशाचे फोटो काढायला, ज्यांवरून पुढे नकाशे बनवता येतील. म्हणजे हा नकाशे काढायचा कॅमेरा होता. वजन सात किलो. वरून पाहण्यासाठी बनवलेलं हे यंत्र मग तीन महिने जमिनीच्या पातळीवर, किंवा जमीनच नव्हती म्हणून बर्फाच्या पातळीवर, वापरलं गेलं.

आठवडाभर फुग्यापाशी राहून २२ जुलैला तिघं निघाले. प्रत्येकाच्या स्लेजवर दोनशे किलोंच्या आसपास सामान. बर्फ म्हणजे सपाट मैदान नव्हे. उंचवटे, भेगा, डबकी, मध्येच उघडं पाणी, तिथे होडी काढायची, पलीकडे जायचं, होडी पुन्हा स्लेजवर चढवायची. थोड्याच दिवसांत त्यांनी बरंच अन्न आणि सामान बर्फावर टाकून दिलं. कॅमेरा मात्र ठेवला. सात किलो कॅमेरा म्हणजे त्या परिस्थितीत कित्येक दिवसांचं जेवण. मला वाटतं, या मोहिमेबद्दलच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हा एक निर्णय त्या तिघांबद्दल जास्त सांगतो. आपण हरलो, पण आपलं काम चालू आहे असं त्यांना वाटत होतं. की काम चालू आहे असं मानल्याशिवाय सकाळी उठणंच शक्य नव्हतं? दोन्ही खरं असेल.

पूर्वेला फ्रान्झ जोसेफ लँडकडे, जिथे आधीच अन्नसाठा ठेवला होता, ते चालत होते. पण पायाखालचा बर्फ त्यांना पश्चिमेला घेऊन जात होता. उलट्या फिरणाऱ्या पट्ट्यावर चालावं तसं. ४ ऑगस्टला दिशा बदलून ते नैर्ऋत्येकडे निघाले, तर बर्फाचा प्रवाहही फिरला. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी चालणं सोडलं आणि एका मोठ्या हिमलादीवर बर्फाचं घर बांधून हिवाळा काढायचं ठरवलं. २ ऑक्टोबरला ती लादीच घराखाली दुभंगली. ५ ऑक्टोबरला ते क्वितोया बेटावर उतरले. क्वितोया म्हणजे पांढरं बेट. बेट कसलं, समुद्रात ठेवलेली बर्फाची टोपी, काठाशी थोडे दगड. त्यानंतर काही दिवसांत नोंदी थांबतात. स्ट्रिंडबर्गच्या पंचांगवहीत १७ ऑक्टोबरची एक छोटी नोंद आहे, तीच शेवटची.

या तीन महिन्यांतले फोटो पाहिले तर सगळ्यांत आधी लक्षात येतं, की रडगाणं कुठेच नाही. मारलेल्या अस्वलाशेजारी उभे फ्रेंकेल आणि स्ट्रिंडबर्ग. तेवढ्यापुरता कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आलेला, एरवी स्ट्रिंडबर्ग फारसा दिसत नाही. बर्फात अडकलेल्या स्लेज. पसरलेला तंबू. मापासाठी माणूस उभा करून काढलेले बर्फाचे उंचवटे. थकवा आहे, पण तो खांद्यांच्या उतारात दिसतो, कुणी कॅमेऱ्याला सांगत नाही. आंद्रेची रोजनिशीही तशीच : वाचणारा पुढे कुणी असेल याची जाणीव ठेवून लिहिलेली, सभ्य, नीटनेटकी. वेगळा सूर एकाच ठिकाणी आहे. स्ट्रिंडबर्ग वाग्दत्त वधूला, अॅना शारलियेला, लघुलिपीत पत्रं लिहायचा. ४ सप्टेंबरला त्याचा पंचविसावा वाढदिवस. त्या सकाळी आंद्रेने त्याला उठवून अॅनाची आणि घरच्यांची पत्रं हातात दिली. ती त्याने निघण्याआधीपासून लपवून, एवढ्या आपटाआपटीत आणि सामान टाकाटाकीत जपून आणली होती. या आंद्रेबद्दल मी वर बरंच कठोर लिहिलं. ही पत्रं आठवली की जरा जीभ आवरावी लागते.

पुढे तेहतीस वर्षं काहीच नाही. अॅनाने बरीच वाट पाहिली, मग एका इंग्रज माणसाशी लग्न केलं आणि देश सोडला. क्वितोया जवळजवळ सतत बर्फाने वेढलेलं असतं, तिथे जाणार कोण? १९३० चा उन्हाळा वेगळा निघाला. बर्फ मागे सरला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘ब्रातवाग’ हे सील-शिकारीचं नॉर्वेजियन जहाज, त्यावर भूगर्भशास्त्रज्ञ गुन्नार होर्न याची तुकडी, तिथे पोचलं. जहाजावरचे दोन शिकारी पिण्याचं पाणी शोधायला काठावर फिरत होते, त्यांना बर्फातून डोकावणारं अॅल्युमिनियमचं झाकण दिसलं. मग होडी, मग होडीच्या आकडीवर कोरलेलं आंद्रेच्या मोहिमेचं नाव, मग देह. बातमी फुटल्यावर पत्रकारांनी ‘इस्ब्योर्न’ नावाचं दुसरं जहाज भाड्याने घेऊन तिकडे धाडलं. त्यांना फ्रेंकेलचा देह मिळाला आणि पत्र्याचे डबे मिळाले. डब्यांत स्ट्रिंडबर्गचे रोल.

इथून वडिलांच्या लाल दिव्याच्या खोलीत शिरू.

फोटो काढताना फिल्मवर चित्र उमटतं असं आपण म्हणतो. उमटत नाही. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. ज्या कणावर पुरेसा प्रकाश पडतो, त्यात चांदीचे चार-पाच अणू एकत्र येऊन एक बारीकसा ठिपका धरतात. बस, एवढंच. सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाही. डेव्हलपर नावाचं जे रसायन, ते असा ठिपका असलेला आख्खा कण काळ्या चांदीत बदलतं आणि ठिपका नसलेल्या कणाला हात लावत नाही. म्हणजे रोल धुईपर्यंत फोटो आहेही आणि नाहीही. दह्यासाठी लावलेल्या विरजणासारखं : दूध दुधासारखंच दिसतं, पण काम सुरू झालेलं असतं. फरक एवढाच, की इथे ते काम डेव्हलपरमध्ये बुडवेपर्यंत थांबून राहतं.

किती थांबतं, ते उष्णतेवर आणि ओलाव्यावर. उष्णता दोन प्रकारे घात करते. प्रकाश लागलेल्या कणांतले ते चार-पाच अणू विखुरतात, चित्र फिकं होतं. आणि प्रकाश न लागलेल्या कणांत आपोआप नवे ठिपके धरू लागतात, म्हणजे आख्खी फिल्म डेव्हलपरला ‘प्रकाश लागलेली’ दिसते आणि काळपट येते. यालाच वडील फॉग म्हणत असतील. ही सगळी रासायनिक क्रिया, आणि थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. वर्षाचे बहुतेक महिने शून्याच्या खाली असलेल्या बेटावर तेहतीस वर्षं म्हणजे स्टुडिओच्या फळीवरची थोडीशीच वर्षं, असा हिशेब धरा. शिवाय जिलेटिन म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेलं प्रथिन. बुरशी आणि जिवाणू ते आवडीने खातात. कोकणात निगेटिव्हवर जी जाळी-जाळी चढते ती हीच मेजवानी. क्वितोयावर ती पंगत बसलीच नाही. फिल्मचा पाया नायट्रेट सेल्युलॉइड होता, तो स्वभावाने भडक. २००३ साली पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातल्या नायट्रेट फिल्मा जळाल्या, ते आठवत असेल. त्यालाही थंडी मानवते. अंटार्क्टिकात २०१३ साली केप इव्हान्सच्या झोपडीत शॅकल्टनच्या रॉस समुद्र तुकडीच्या बावीस निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या गठ्ठ्यात सापडल्या आणि जवळजवळ शंभर वर्षांनी त्यातूनही चित्रं निघाली.

पण ‘थंडीने फोटो वाचवले’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते अर्धवट आहे. थंडी मदतीला होती. पाणी शत्रू होतं. क्वितोयावर उन्हाळ्यात बर्फ वितळतं आणि पुन्हा गोठतं. डब्यांत शिरलेली ओल तेहतीस वेळा वितळली आणि गोठली असं समजा. ओलं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, शेजारच्या वेढ्याला चिकटतं. अशी फिल्म सरळ डेव्हलपरमध्ये टाकली तर चित्रासकट थर सुटून येतो.

हे रोल सोपवले गेले ते स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात फोटोग्राफी शिकवणाऱ्या जॉन हेर्ट्सबर्ग यांच्याकडे. त्याआधी व्हिएन्नात स्टुडिओ चालवलेला हा माणूस, म्हणजे तुमच्या वडिलांच्याच जातकुळीतला. कल्पना करून बघा. प्रत्येक रोलमध्ये अठ्ठेचाळीस फोटोंची जागा, पाच रोल, म्हणजे जास्तीत जास्त दोनशे चाळीस. आख्खा देश वाट पाहतोय, शाही इतमामाची तयारी चाललीय, आणि हा अंधाऱ्या खोलीत एकटा. चुकलं तर दुसरी संधी नाही, कारण फोटो काढणारा उरलेला नाही. हेर्ट्सबर्ग यांनी त्यातून त्र्याण्णव फोटो काढून दिले.

तुम्ही पाहिलेल्या फोटोवर पांढरे-काळे ठिपके, ओघळ, ढगासारखे डाग असतील. पुष्कळांना ती हिमवृष्टी वाटते. नाही. तो ओलावा आहे, तेहतीस वर्षांचा. स्ट्रिंडबर्गने जे पाहिलं ते एका थरात आणि डब्यात जे घडलं ते दुसऱ्या थरात, दोन्ही एकाच कागदावर छापले गेले. अलीकडे स्वीडिश संशोधक टिरोन मार्टिन्सन यांनी या निगेटिव्हचा नव्याने अभ्यास करून डिजिटल पद्धतीने त्यांतला तपशील वर आणला. त्यांचं म्हणणं मला पटतं : लोकांनी आजवर रोजनिश्या घोटून वाचल्या, फोटो मात्र त्या मजकुराची सजावट म्हणून वापरले. खरं तर ते स्वतंत्र साक्षीदार आहेत. मी मात्र डाग पूर्ण पुसलेली प्रत घरी लावणार नाही.

बनवाबनवीच्या शंकेबद्दल एवढंच : फोटोंतला तपशील आंद्रेच्या रोजनिशीशी जुळतो, आणि कॅमेरा, रोल, वह्या हे सगळं आज स्वीडनमध्ये आंद्रेच्या जन्मगावच्या, ग्रेनाच्या संग्रहालयात जतन केलेलं आहे. (हे गाव लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंट कांड्यांसाठीही प्रसिद्ध आहे. पर्यटक कशासाठी जास्त येतात हे विचारू नका.)

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण या सदरात आंद्रेचं नाव आलं की पुढच्या डाकेला हमखास येणारा प्रश्न आहे : अन्न होतं, बंदुका होत्या, काडतुसं होती, मग ते मेले कशाने? १९५० च्या सुमारास ट्रिडे नावाच्या डॅनिश डॉक्टरने त्यांनी खाल्लेल्या अस्वलांच्या अवशेषांत ट्रिकिनेला जंत दाखवले आणि अर्धकच्च्या मांसामुळे झालेला रोग हे उत्तर बराच काळ चाललं. स्टोव्हचा विषारी धूर, थंडी, थकवा, अस्वलाचा हल्ला, जड झालेलं मन, अशी यादी नंतर वाढतच गेली. अस्वलाचं यकृत खाल्लं म्हणावं तर ते विषारी असतं हे आंद्रेला माहीत होतं. देह स्टॉकहोमला आणल्यावर आणखी तपासणी न करताच दहन झालं, त्यामुळे नक्की उत्तराची वाट तिथेच बंद झाली. एवढं दिसतं, की स्ट्रिंडबर्ग आधी गेला, कारण त्याला दगडांच्या फटीत ठेवून वर दगड रचलेले होते. ते रचायला कुणीतरी जिवंत होतं. त्या कबरीचा फोटो नाही. फोटो काढणाराच आत होता.

देह ज्या युद्धनौकेने १९३० मध्ये स्वीडनला आणले ती ‘स्वेन्स्कसुंद’. १८९७ साली याच नौकेने त्यांना डान्सकोयाला सोडलं होतं.

आणि आता तुमची ट्रंक.

इंदूचा रोल म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, बहुधा १२० चा कृष्णधवल. तुमच्याकडे आगफा क्लिक-३ असेल तर बारा फोटो त्यात. ही तुमच्या बाजूने असलेली पहिली गोष्ट : कृष्णधवल थर रंगीत फिल्मपेक्षा चिवट असतो. रंगीत असता तरी तो कृष्णधवल म्हणून धुवून काहीतरी मिळण्याची शक्यता असते. कोडाक्रोम असता तर तोच एक मार्ग उरला असता, कारण त्याची मूळ प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगात बंद झाली.

वाईट बाजू, तुमची हवा. म्हणून घरी उत्साहात काही करू नका. रोल उलगडून बघायचा मोह टाळा. आत फिल्म आहे की नाही हे प्रकाशात बघणं म्हणजे ती घालवणं. रोल झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नव्हे. कोरड्या थंडीत आणखी काही महिने गेले तर फार बिघडत नाही. मुंबई-पुण्यात आजही कृष्णधवल फिल्म हाताने धुणारी मंडळी आहेत, नव्या पिढीतलीही. त्यांना रोल देताना अंदाजे वर्ष सांगा आणि दोन गोष्टी विचारा. एक, फॉग दाबणारं रसायन, बेन्झोट्रायझोलसारखं, डेव्हलपरमध्ये घालणार का? दोन, आधी टोकाचा लहान तुकडा कापून धुवून पाहणार का? या दोन प्रश्नांवर समोरच्याने कपाळाला आठी घातली तर रोल परत घ्या. बारापैकी दोन-तीन फोटो आले तरी खूप झाले. हेर्ट्सबर्ग यांनाही निम्मे आले नव्हते.

अजून एक. १२० च्या रोलला मागे कागदी पट्टी असते आणि संपल्यावर ती चिकटपट्टीने बंद करतात. स्टुडिओवाले त्या पट्टीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव किंवा तारीख लिहीत. रोल पिशवीत घालण्याआधी बाहेरून तेवढं पाहून घ्या. वडिलांचा घरचा रोल असेल असं तुम्ही धरून चाललाय, पण स्टुडिओच्या ट्रंकेतला आहे. कुणाच्या लग्नाचाही असू शकतो. नाव सापडलं आणि ते घर अजून गावात असेल, तर धुवायला टाकण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या.